मस्करीची कुस्करी होते कुठे?

१९२५ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे थंड हवेचे, डोंगराळ राज्य आहे. त्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावात डार्टमथ नावाचे जुने, मान्यवर कॉलेज आहे. तिथे शेवटच्या वर्षाला असलेला एकवीस वर्षांचा एक मुलगा ईस्टरच्या आदल्या रात्री मित्रांना घेऊन आपल्या खोलीत बसला होता. मंडळींत जिनची बाटली फिरत होती. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती. व्हायचे तेच झाले. पोरे पकडली गेली आणि प्रकरण डीनसाहेबांपर्यंत पोचले.

डीनसाहेबांनी मुलाला कॉलेजातून काढले नाही, पण शिक्षा अशी दिली की ती बरोबर वर्मी लागावी. तो 'जॅक-ओ-लँटर्न' या कॉलेजच्या विनोदी मासिकाचा संपादक होता. ते पद गेले. अभ्यासाबाहेरचे सगळेच उद्योग बंद करण्याचा हुकूम झाला. मुलगा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. निरनिराळी टोपणनावे घेऊन त्याने व्यंगचित्रे देणे चालूच ठेवले. त्यातले एक नाव त्याच्या आईचे माहेरचे आडनाव होते आणि तेच त्याचे स्वतःचे मधले नावही होते. त्याचे पूर्ण नाव थिओडोर स्यूस गायझल. पुढे त्याने 'डॉक्टर' ही पदवी गमतीने स्वतःच लावून घेतली आणि बालवाचकांचा लाडका 'डॉ. स्यूस' तयार झाला. १९५७ साली आलेले त्याचे 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक आज भारतातल्या इंग्रजी शाळांच्या वाचनालयांतही सापडते. कालांतराने त्याच डार्टमथने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेव्हा ती गमतीची पदवी खरी झाली!

इतकी ही गोड गोष्ट. पण ती इथे संपत नाही. याच मुलाने कॉलेजच्या मासिकात जी चित्रे काढली, त्यांत काळ्या आणि ज्यू लोकांची हिणकस टवाळीही होती. त्या वर्तुळातल्या मुलांना ती खटकली नसावी. ज्यांची टवाळी झाली ते त्या खोलीत बसलेले नव्हते.

अमेरिकेतल्या कॉलेजांत विनोदी मासिकांची परंपरा दीडशे वर्षांची आहे. तिच्यातून मोठमोठे लेखक, चित्रपट, दूरदर्शन-मालिका आणि आता संगणकाच्या पडद्यावरचे विनोदी कार्यक्रम निघाले. त्या सगळ्या प्रवासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. मस्करी कुठपर्यंत मस्करी असते आणि तिची कुस्करी नेमकी कुठे होते?

पोरांचा छापखाना

येल विद्यापीठातले 'येल रेकॉर्ड' हे मासिक १८७२ साली सुरू झाले. पाठोपाठ १८७६ मध्ये हार्वर्डच्या मुलांनी इंग्लंडच्या 'पंच' साप्ताहिकाचा कित्ता गिरवत 'हार्वर्ड लँपून' काढले. मग लागणच लागली. १८८२ मध्ये 'प्रिन्स्टन टायगर', १८९९ मध्ये स्टॅनफर्डचे 'चॅपरल', १९०८ मध्ये डार्टमथचे 'जॅक-ओ-लँटर्न'.

मजकूर लिहिणारी मुले, चित्रे काढणारी मुले, गावातल्या दुकानदारांकडून जाहिराती आणणारी आणि अंक विकणारीही मुलेच. टवाळीचे विषय ठरलेले असत. खाणावळीतले जेवण, परीक्षा, झोप आणणारे प्राध्यापक, शेजारच्या कॉलेजातले शिष्ट विद्यार्थी आणि मुलींसमोर फजिती होणारे स्वतःचेच दोस्त. आपल्याकडच्या गॅदरिंगमधले फिशपॉन्ड ज्यांनी ऐकले किंवा झेलले आहेत, त्यांना ही चव ओळखीची वाटेल.

या मासिकांनी पोरांना कामाला लावले हे खरे. जेम्स थर्बर हा पुढे 'न्यू यॉर्कर'मधून जगभर पोचलेला विनोदकार ओहायो स्टेट विद्यापीठाच्या 'सनडायल'चा संपादक होता. रॉबर्ट बेंचली आणि कादंबरीकार जॉन अपडाइक हे 'लँपून'मधून आले. 'लँपून'च्या संस्थापकांपैकी एडवर्ड मार्टिन याने १८८३ मध्ये इतरांच्या साथीने 'लाइफ' हे विनोदी साप्ताहिक उभे केले. तेच नाव १९३६ साली विकत घेऊन हेन्री ल्यूस यांनी आपले सुप्रसिद्ध छायाचित्र-साप्ताहिक काढले.

मुलांच्या खोड्याही मोठ्या होत्या. बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानगृहात लाकडात कोरलेला जवळजवळ पाच फुटांचा कॉड मासा टांगलेला आहे. ज्या मासळीच्या व्यापारावर ते राज्य उभे राहिले, तिचे ते मानचिन्ह. १९३३ च्या एप्रिलमध्ये हा मासा भर विधानगृहातून नाहीसा झाला. शहरभर शोधाशोध झाली. हे काम 'लँपून'च्या पोरांचे निघाले. काही दिवसांनी मासा सुखरूप परत आला. आमदार चिडले, गाव हसले. यात खट्टू झाली ती सत्तेची ऐट. तिला असा चिमटा सोसवतो.

अशा मासिकांना एक नैसर्गिक लगाम होता. ज्याची टिंगल करायची तो उद्या सकाळी वर्गात शेजारी बसणार किंवा फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहणार. टोपणनाव घेतले तरी चित्राची ढब लपत नसे. वर डीनसाहेब असतच. विनोद फसला तर लिहिणाऱ्याला समोरचा पडलेला चेहरा पाहावाच लागे. हार्वर्डच्या मुलांनी १९०९ साली 'लँपून'साठी स्वतःची इमारत बांधली, तिचा दर्शनी भागही चेहऱ्यासारखाच आहे. डोळे, नाक, तोंड आणि वर शिरस्त्राण!

पण लगाम खोलीच्या आतल्यांपुरताच होता. खोलीत नसलेल्यांचे काय? मोठ्या कॉलेजांतल्या बऱ्याच ठिकाणी तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. डार्टमथने मुलींसाठी दार उघडले ते १९७२ साली. काळ्या विद्यार्थ्यांची संख्या बोटांवर मोजण्यासारखी होती. त्यामुळे 'मुली अशाच', 'काळे असेच', 'परदेशी लोक असे बोलतात' असल्या चुटक्यांना आडकाठी करणारे कोणी नसे.

विनोद बाजारात उतरतो

१९२० नंतर या विनोदाला बाजार सापडला. निरनिराळ्या कॉलेजांच्या मासिकांतले चुटके आणि चित्रे गोळा करून छापणारे 'कॉलेज ह्यूमर' नावाचे मासिक शिकागोहून निघू लागले. नावाजलेले लेखकही त्यात लिहू लागले. १९२९ च्या सुमारास झेल्डा फिट्झजेराल्ड या लेखिकेच्या काही कथा त्यात आल्या. लेखन झेल्डाचे, पण छापताना तिच्या नावाआधी तिच्या प्रसिद्ध नवऱ्याचे, स्कॉट फिट्झजेराल्डचे नाव आले. बाजारात त्या नावाला भाव होता.

खरी उडी मारली ती 'लँपून'च्या दोन पोरांनी, डग केनी आणि हेन्री बिअर्ड यांनी. १९६९ साली त्यांनी टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे विडंबन पुस्तकरूपात केले. 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज' हे त्याचे नाव. पुस्तक धडाक्याने खपले. मग रॉबर्ट हॉफमन या तिसऱ्या मित्राला घेऊन त्यांनी एप्रिल १९७० मध्ये 'नॅशनल लँपून' हे देशभर विकले जाणारे मासिक काढले. तो व्हिएतनाम युद्धाचा, निक्सन यांचा काळ होता. तरुण पिढी चिडलेली होती आणि हे मासिक कोणालाच सोडत नव्हते. १९७३ च्या जानेवारी अंकाच्या मुखपृष्ठावर एका कुत्र्याच्या डोक्याला पिस्तूल लावलेले छायाचित्र होते आणि अंक घेतला नाहीत तर या कुत्र्याला मारू, अशी धमकी होती. १९७४ मध्ये एका अंकाचा खप दहा लाखांवर गेला.

कॉलेजच्या खोलीतला विनोद आता दहा लाख अनोळखी माणसांच्या घरात शिरला होता. त्यात राजकारण्यांचे ढोंग उघडे करणारी धारदार पाने होती, तशी केवळ धक्का देण्यासाठी लिहिलेली, बायकांची आणि दुबळ्यांची खिल्ली उडवणारी पानेही होती. अनोळखी वाचक हसला की पडला चेहरा करून अंक मिटून बसला, हे लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला कळत होता तो फक्त खप.

१९७८ साली या मासिकाच्या नावाने 'ॲनिमल हाउस' हा चित्रपट आला. केनी, हॅरल्ड रेमिस आणि ख्रिस मिलर यांनी तो लिहिला. मिलर हा डार्टमथचाच विद्यार्थी. तिथल्या 'अल्फा डेल्टा' नावाच्या मुलांच्या निवासी मंडळात त्याने जे धिंगाणे पाहिले, त्यावर त्याने कथा लिहिल्या होत्या आणि त्याच कथांतून चित्रपट उभा राहिला. सुमारे तीस लाख डॉलरमध्ये काढलेल्या या चित्रपटाने चौदा कोटी डॉलरच्या वर धंदा केला. खडूस डीनची जिरवणारी वात्रट पोरे प्रेक्षकांना भलतीच आवडली. चादरी गुंडाळून रोमन थाटाच्या पार्ट्या करण्याची टूम देशभरच्या कॉलेजांत पसरली.

यश केनीला पचले नाही. १९८० साली हवाई बेटावर एका कड्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा तेहेतीस वर्षांचा होता.

आणि 'अल्फा डेल्टा'? १९७८ साली पडद्यावर ज्या धिंगाण्याला लोक खो-खो हसले, त्याच घराला २०१५ साली डार्टमथ कॉलेजने कायमची मान्यता नाकारली. कारण तिथे नव्या सभासदांच्या अंगावर चटके देऊन खुणा उमटवल्याचे उघड झाले. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात, त्याचाच हा प्रकार. चित्रपटामुळे हे घडले असे म्हणता येणार नाही. ते घर चित्रपटाच्या आधीपासूनच तसे होते. पण गमतीच्या नावाखाली काय काय खपते, हे या एका घराने दोनदा दाखवले. एकदा हसवून आणि एकदा भाजून.

हसणारे आणि हसू होणारे

१९७० च्या दशकात 'हार्वर्ड लँपून'मध्ये पहिल्यांदा मुलींना घेतले गेले. पॅट्रिशिया मार्क्स ही त्या पहिल्यांपैकी एक. तीही पुढे नावाजलेली विनोदी लेखिका झाली. २०१४ च्या सुमारास ॲलेक्सिस विल्किन्सन ही काळी विद्यार्थिनी मासिकाची अध्यक्ष झाली. १८७६ पासूनच्या इतिहासात हे पद मिळालेली ती पहिली काळी स्त्री. म्हणजे खोलीचे दार पूर्ण उघडायला जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लागली.

तोवर 'लँपून'मधून निघालेली मुले दूरदर्शनवर जाऊन पोचली होती. 'द सिम्पसन्स' या जगप्रसिद्ध कार्टून-मालिकेच्या लेखकांत हार्वर्डची ही मंडळी भरपूर होती. याच मालिकेत १९९० पासून 'अपू' नावाचे भारतीय दुकानदाराचे पात्र आले. त्याला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या नटाने, आणि तोही ओढूनताणून केलेल्या भारतीय उच्चारात. लिहिणाऱ्यांना वाटले, ही साधी गंमत आहे. अपू कष्टाळू होता, प्रेमळ होता. पण अमेरिकेतल्या शाळांत शिकणाऱ्या भारतीय मुलांना त्याच उच्चारात चिडवले जाऊ लागले. पडद्यावर दुसरा भारतीय चेहरा दिसतच नव्हता. ज्यांचे नातेवाईक, लेकी-सुना, नातवंडे त्या देशात आहेत, अशा भारतातल्या घरांना ही गोष्ट परकी नाही.

न्यू यॉर्कमध्ये तेलुगू आईवडिलांच्या पोटी जन्मलेला विनोदकार हरी कोंडाबोलू याने २०१७ साली या पात्रावर माहितीपट काढला. वाद झाला. 'आता विनोदही करायचा नाही का?' असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याचे म्हणणे मात्र मालिका बंद करा असे नव्हते. तो त्या मालिकेचा चाहता होता. आपल्या आईवडिलांच्या बोलण्याचे सोंग करून कोणीतरी देशाला हसवतो, तेव्हा त्यांच्या मुलाला काय वाटते, एवढे त्याने दाखवले. २०२० साली अझारियाने अपूचा आवाज देणे थांबवले आणि पुढच्या वर्षी भारतीयांची माफी मागितली. तीस वर्षे आवाज देणाऱ्याला समोरचा चेहरा दिसायला कोणीतरी तो दाखवावा लागला.

याच विषयाची दुसरी बाजू पुन्हा डार्टमथमध्येच सापडते. तमिळ वडील आणि बंगाली आई असलेली मिंडी केलिंग २००१ साली तिथून पदवीधर झाली. कॉलेजात असताना तीही 'जॅक-ओ-लँटर्न'मध्ये लिहीत होती. ज्या मासिकात पंचाहत्तर वर्षांपूर्वी गायझलने परक्या लोकांची थट्टा केली होती, तिथे आता भारतीय नावाची मुलगी विनोद लिहीत होती. पुढे 'द ऑफिस' या गाजलेल्या मालिकेची ती लेखिका आणि नटी झाली. २००६ साली तिने त्या मालिकेत दिवाळीचा भाग लिहिला. त्यात हसू येते ते दिवाळीवर नाही. समजून न घेता शहाणपण शिकवायला निघालेल्या साहेबावर येते. तिच्या पात्राच्या आईवडिलांची कामे तिच्या खऱ्या आईवडिलांनीच केली होती. स्वतःच्या आईवडिलांना समोर बसवून केलेला विनोद सहसा कोणाला दुखवत नाही.

पडद्यामागे चेहरा दिसेना

कागदावरचा विनोद संगणकाच्या पडद्यावर गेला तेव्हाही सुरुवात कॉलेजातूनच झाली. १९८८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे दोन विद्यार्थ्यांनी 'द अनियन', म्हणजे 'कांदा', नावाचे खोट्या बातम्यांचे वर्तमानपत्र काढले. १९९६ पासून ते इंटरनेटवर आले. १९९९ मध्ये जॉश अब्रॅमसन आणि रिकी व्हॅन व्हीन या दोन शाळूसोबत्यांनी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी 'कॉलेजह्यूमर' नावाचे संकेतस्थळ उघडले. विद्यार्थ्यांनी पाठवलेली गमतीदार छायाचित्रे आणि चुटके त्यावर येत. पुढे त्यांचे छोटे विनोदी चित्रपट कोट्यवधी लोकांनी पाहिले. एका मोठ्या कंपनीने हा व्यवसाय ताब्यात घेतला, आणि २०२० च्या जानेवारीत त्याच कंपनीने शंभराच्या आसपास माणसांना कामावरून काढले. सॅम राइक या तिथल्याच कलाकाराने तो मोडकळीला आलेला डोलारा स्वतःकडे घेतला. जाहिरातींवर न विसंबता वर्गणीदार प्रेक्षकांच्या बळावर त्याने तो 'ड्रॉपआउट' या नावाने पुन्हा उभा केला. २०२३ साली नफ्यातला वाटा काम करणाऱ्यांनाही दिला. आता तिथे कलाकार बहुधा एकमेकांसमोर बसून, तिथल्या तिथे सुचलेले विनोद करतात. म्हणजे वर्तुळ पुन्हा एकदा खोलीपर्यंत आले.

'अनियन'ची परीक्षा झाली ती २००१ साली. ११ सप्टेंबरला न्यू यॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, सुमारे तीन हजार माणसे गेली. या लेखकांनी कचेरी नुकतीच न्यू यॉर्कला हलवली होती. अशा वेळी विनोदी वर्तमानपत्राने काय करावे? त्यांनी एक आठवडा अंक काढला नाही. मग २७ सप्टेंबरच्या तारखेचा अंक निघाला. त्यात मेलेल्यांवर एक अक्षर नव्हते. विमाने पळवणारे स्वर्गाच्या आशेने गेले आणि नरकात पोचले, अशी एक 'बातमी' होती. काय करावे हे न सुचल्याने झेंड्याच्या रंगांचा केक करत बसलेल्या एका साध्या बाईची दुसरी. लोक तो अंक वाचून रडत रडत हसले. विनोद कोणाच्या बाजूने उभा आहे, हे त्यांना कळले होते.

सगळ्यांनाच ते साधत नाही. २०१७ साली हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या काही मुलांनी फेसबुकवर आपापसात एक बंद गट केला. ज्यूंचा नरसंहार, लहान मुलांचे हाल, बायकांवरचे अत्याचार यांवर चित्रविनोद पाठवण्याची त्यांच्यात अहमहमिका लागली. ही मुले अजून एकमेकांना भेटलीही नव्हती. गोष्ट बाहेर फुटली आणि विद्यापीठाने निदान दहा जणांचे प्रवेश रद्द केले. बारा वर्षे अभ्यास करून मिळवलेली जागा रात्रीच्या चार चुटक्यांत गेली. २०१९ साली खुद्द 'लँपून'ने ॲन फ्रँकच्या छायाचित्राशी अश्लील खेळ केला आणि नंतर माफी मागितली.

मग यावर बंदी हा उपाय आहे काय? तोही करून झाला आहे. २०१५ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 'कोआला' या विद्यार्थ्यांच्या विनोदी पत्राने अपमानास्पद मजकूर छापला, तेव्हा विद्यार्थी मंडळाने सर्वच छापील विद्यार्थी-नियतकालिकांची आर्थिक मदत बंद केली. एकाच्या पापाने सगळ्यांचे गेले. 'कोआला' न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांचा दावा चालवण्याजोगा ठरवला. वाईट विनोद कायद्याने थांबत नाही; फार तर तो आणखी अंधाऱ्या खोलीत जातो.

एका चित्रकाराची दुरुस्ती

पुन्हा गायझलकडे वळू या. कॉलेजातली सवय त्याची लगेच सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात तो न्यू यॉर्कच्या 'पीएम' या दैनिकात राजकीय व्यंगचित्रे काढत असे. हिटलरवर त्याने कोरडे ओढले, काळ्यांना आणि ज्यूंना मिळणाऱ्या वागणुकीवरही झोड उठवली. म्हणजे तो पुष्कळ शिकला होता. पण १३ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याचे एक चित्र छापून आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारे जपानी वंशाचे लोक रांग लावून स्फोटके घेत आहेत, असे ते चित्र होते. सगळ्यांचे चेहरे एकसारखे! सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो कुप्रसिद्ध हुकूम काढला. सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाची माणसे घरेदारे सोडून छावण्यांत डांबली गेली. त्यातली बहुतेक अमेरिकेची नागरिक होती. हुकूम त्या चित्रामुळे निघाला असे नाही. पण ज्या भीतीतून तो निघाला, त्या भीतीला हसे मिळवून देणाऱ्यांत ते चित्र होते.

युद्ध संपल्यावर १९५३ साली गायझल जपानला गेला. क्योटोतल्या मित्सुगी नाकामुरा या प्राध्यापकाच्या मदतीने त्याने शाळकरी मुलांना चित्रे काढायला सांगितली. मोठेपणी कोण व्हायचे आहे, ते प्रत्येकाने काढायचे. मुलांच्या चित्रांचा ढीग त्याच्यापुढे पडला. ज्यांचे चेहरे त्याने अकरा वर्षांपूर्वी एका साच्यातून काढले होते, त्यांच्यातल्या प्रत्येकाचे स्वप्न वेगळे होते.

दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याचे 'हॉर्टन हिअर्स अ हू!' हे पुस्तक आले. धुळीच्या एका कणावर राहणाऱ्या इवल्या लोकांचा आवाज फक्त एका हत्तीला ऐकू येतो आणि सगळे जंगल हसत असताना तो त्यांना जपतो, अशी ती कथा. पुस्तक त्याने नाकामुरांना अर्पण केले. अनेक अभ्यासक त्या पुस्तकाकडे त्याचा न बोललेला पश्चात्ताप म्हणून पाहतात. १९७८ साली त्याने आपल्या पहिल्या बालपुस्तकातले चिनी माणसाचे चित्र आणि उल्लेखही बदलला. २०२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, त्याच्या पुस्तकांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने वांशिक टवाळीची चित्रे असलेली सहा पुस्तके छापणे थांबवले. त्यात ते पहिले पुस्तकही होते. हॉर्टनचे पुस्तक मात्र अजून छापले जाते, अजून वाचले जाते.

घरात कॉलेजला जाणारी मुले असली की मोबाइलकडे पाहून मध्येच खुदकन हसण्याचा आवाज येतो. 'काय झाले?' असे विचारले की 'काही नाही, आमचे आपले' असे उत्तर मिळते. ते हसू बंद करायची गरज नाही. त्या वयात हसायचे नाही तर कधी? डीनसाहेबांची जिरवणारा, विधानगृहातला मासा पळवणारा वात्रटपणा ज्या घरात नाही, ते घर फार सुने. फक्त एखादे दिवशी जेवताना सहज विचारावे, 'ज्याच्यावर हसलात, तो इथे पानावर बसला असता तर त्याला हा विनोद वाचून दाखवला असता का?' उत्तर 'हो' असेल तर खुशाल सगळ्यांनी मिळून हसावे. पोर जरा घुटमळले, तर पुढे काही बोलू नये. वाढायला घ्यावे. त्याच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आलेला असतो, आणि तेवढे पुरेसे आहे.